उजव्या चाकातला आवाज

महादेवरावांनी खिशातून मोजपट्टी काढली, तिचं टोक चंपतरावांच्या हातात दिलं आणि उरलेली पट्टी ओढत ते गाडीच्या डिकीत वाकले. चंपतराव टोक धरून उभे राहिले.

"एकोणचाळीस इंच," महादेवराव आतूनच म्हणाले. नातीची, वैभवीची, बाबागाडी आडवी बसते, कालच्या गाडीत ती तिरपी ठेवावी लागली असती, असंही त्यांनी सांगितलं. सुशीलने आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला. मग महादेवराव मागच्या सीटवर जाऊन बसले, गुडघ्यापुढे किती बोटं जागा राहते ते पाहिलं आणि खाली उतरून फाइलीत एक टिंब केलं.

दोन आठवड्यांतलं हे तिसरं शोरूम. सुशील चंपतरावांचा एकुलता एक मुलगा, वाडी भागातल्या एका गोदामात मॅनेजर. महादेवराव त्याचे सासरे. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि आयुष्यात त्यांनी स्कूटरपेक्षा मोठं वाहन कधी चालवलं नव्हतं. चंपतरावांनी एकतीस वर्षं सरकारी खात्यात जीप चालवली होती. मेळघाटापासून सिरोंचापर्यंत असा रस्ता नव्हता जिथे त्यांचं चाक फिरलं नाही. पण या दोन आठवड्यांत पेट्रोल घ्यावी की सीएनजी, चार मीटर लांबीच्या आतली घ्यावी की बाहेरची, वॉरंटी वाढवून घ्यावी की नाही, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दर वेळी निघताना सुशील म्हणायचा, बाबा, तुमीपण चला. आणि ते जायचे. ते 'पण' त्यांनी मनाला लावून घेतलं होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

टेस्ट ड्राइव्हला सुशीलने स्टिअरिंग घेतलं, महादेवराव त्याच्या शेजारी बसले. मागे चंपतराव आणि शोरूममधली भूमिका नावाची मुलगी. गाडी वर्धा रोडवरून रिंग रोडला लागली. महादेवराव एकेक प्रश्न विचारत होते आणि भूमिका मान पुढे करून उत्तरं देत होती. सुशील चांगली चालवत होता. ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकला होता तो. तेव्हा चंपतराव महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असत, उरलेले दिवस साहेबांच्या पोरांना शाळेत सोडत, साहेबांच्या बायकोला देवदर्शनाला नेत. सरकारी जीपमध्ये त्यांनी स्वतःच्या बायकोपोराला एकदाही बसवलं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

परत आल्यावर महादेवरावांनी भाव करायला सुरुवात केली. आवाज न चढवता, हसत हसत. विमा बाहेरून काढणार, तो यातून कमी करा. सीट कव्हर आणि मॅटचा संच नको. हँडलिंगचे म्हणून जे पाच हजार लावले, ते कशाचे ते लिहून द्या. भूमिका दोनदा आत जाऊन मॅनेजरला विचारून आली. बारा लाख चाळीस हजारांवर सुरू झालेली गाडी तासाभरात नोंदणी-करासकट बारा लाखांच्या आत आली. सुशील सासऱ्यांकडे पाहत होता. ती नजर चंपतरावांनी ओळखली. लहानपणी दौऱ्यावरून परत आल्यावर पोरगं दारात उभं राहून असंच पाहायचं.

अकरा हजार भरून राखाडी रंगाची गाडी बुक झाली. महिनाअखेरची सूट सोमवारपर्यंतच होती, म्हणून रविवारी हे झालं ते बरंच झालं, असं महादेवराव म्हणाले.

संध्याकाळी प्रतापनगरला चंपतरावांच्या घरी सगळे चहाला बसले. सुशीलची बायको मिनल हिने दोनदा विचारून घेतलं, पप्पांनी नेमके किती वाचवले, आणि फोनवर आपल्या बहिणीलाही तो आकडा सांगितला. सुशील म्हणाला, पप्पा नसते तर शोरूमवाले सांगतील तेवढे मी देऊन आलो असतो. जिजाबाईंनी व्याह्यांच्या ताटलीत आणखी एक आलुबोंडा ठेवला. चंपतराव बशीतला चहा संपवत होते. बशी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले,

"वळताना उजव्या चाकातून आवाज येऊन राहिला होता."

असं काही बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण आता बोलून झालं होतं.

"मले तर नाही आला ऐकू," महादेवराव म्हणाले.

"तुमाले नाही येनार."

कसा आवाज, असं सुशीलने विचारलं. बारीक, चंपतराव म्हणाले, कर्र असा, सरळ चालताना नाही, उजवीकडे वळतानाच. बेअरिंगचा असतो तसा. तपशील आपोआप सुचत गेले. एकतीस वर्षांत ऐकलेले सगळे खरे आवाज त्या एका खोट्याच्या मदतीला धावून आले.

महादेवराव शांतपणे म्हणाले की ती दाखवायची गाडी आहे, रोज दहा जणांच्या हातात जाते, आपल्याला यार्डातून कोरी येईल. मुद्दा बरोबर होता. चंपतरावांनाही तो बरोबर वाटला आणि म्हणूनच ते व्याह्यांच्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "बनावटच तशी असन, तर कोरीतही तेच येईन."

सुशीलने कप खाली ठेवला.

"पक्कं, बाबा?"

"हाव."

त्याने खिशातून मोबाइल काढला. तिथे बसल्या बसल्या भूमिकाला फोन लावला आणि बुकिंग रद्द करायला सांगितलं. ती कारण विचारत असावी. बाबा नको म्हणतात, एवढंच तो म्हणाला. मिनल म्हणाली, अहो, एकदा मेकॅनिकला तरी दाखवा. तेव्हा फोन खिशात ठेवत तो सासऱ्यांकडे वळला आणि एक जुनी गोष्ट सांगू लागला. तो तिसरीत होता तेव्हाची. चिखलदऱ्याच्या घाटात बाबांनी भर पावसात जीप थांबवली होती, चाकात आवाज येतो म्हणून. साहेबांना काही ऐकू येत नव्हतं. ते चिडले, सस्पेंड करतो म्हणाले. बाबांनी किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये चाक उघडलं तर बेअरिंगचे तुकडे हातात आले. आठ दिवसांनी साहेब स्वतः पेढे घेऊन घरी आले होते.

"वर्गातल्या सगळ्या पोराईले सांगितलं होतं मी," सुशील म्हणाला. "बाबा म्हणून राहिले आवाज आहे, तर आहे, पप्पा."

मग तो वडिलांना म्हणाला, आता गाडी तुमीच सांगा. तुमी म्हणाल ती घेऊ.

पोराला ती गोष्ट माहीत आहे, हेच चंपतरावांना माहीत नव्हतं. त्यांनी घरात ती कधी सांगितली नव्हती. साहेबांनीच पेढे देताना सांगितली असणार. त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव फाइलीतले कागद सारखे करत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. जिजाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या ताटल्या उचलून त्या आत गेल्या.

मंगळवारी सकाळी बँकेत जाऊन येतो असं सांगून चंपतराव ऑटोने शोरूमला गेले. भूमिकाने त्यांना ओळखलं. पुन्हा एकदा तीच गाडी चालवून पाहायची आहे, या वेळी मी स्वतः चालवतो, असं ते म्हणाले तेव्हा ती क्षणभर घुटमळली. त्यांनी पाकिटातून लायसन्स काढून दाखवलं. मुदत अजून दोन वर्षं होती.

रिंग रोडला येईपर्यंत हात बसला. चंपतरावांनी एसी बंद केला, काचा वर घेतल्या, गाणी बंद करायला सांगितली. उड्डाणपुलाखाली मोकळी जागा होती. तिथे त्यांनी गाडी उजवीकडे वळवली. मग पुन्हा उजवीकडे. हळू, मग जरा जोरात, मग पूर्ण स्टिअरिंग फिरवून. मान थोडी खाली घालून ते ऐकत होते. काहीतरी ऐकू यावं, बारीकसं का होईना, असं त्यांना फार वाटत होतं. चार चकरा झाल्या, पाच झाल्या. गाडी एखाद्या भरल्या माठासारखी शांत होती. इतकी नीट गाडी त्यांनी आजवर हातात घेतली नव्हती.

"मस्त चालवता काका तुम्ही," भूमिका म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं की त्या दिवशी नेमकं काय आवडलं नाही. मॅनेजर तिलाच विचारत होते, गिऱ्हाईक गेलं कसं म्हणून.

चंपतरावांनी गाडी कडेला घेतली. बुकिंग परत उभं करता येईल का, एवढंच विचारलं. तिने फोन करून पाहिलं. राखाडी गाडी काल भंडारा शहरातल्या एका गिऱ्हाईकाला गेली होती. सूट महिन्याबरोबर संपली होती आणि नव्या महिन्यात कंपनीने भावही वाढवले होते. आता घ्यायची तर साठ-बासष्ट हजारांचा फरक पडेल, ती म्हणाली, आणि दोन महिने थांबावं लागेल.

तिथून ते घरी गेले नाहीत. महाल भागात महादेवरावांच्या घरी गेले. गल्ली एवढी अरुंद की ऑटोवाल्याने तोंडाशीच उतरवलं. महादेवराव पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. ते उठले, पंखा वाढवला, आपल्या बायकोला हाक मारून पाणी मागितलं. चंपतरावांनी पाणी घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाले,

"आवाज नव्हता."

महादेवरावांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला.

"माहीत आहे मले."

"कसं?"

"सुशीलनं विचारलं, पक्कं का. तुमी हाव म्हणाले, पण माझ्याकडे पाहून. त्याच्याकडे नाही." ते किंचित हसले. चौतीस वर्षं टेबलासमोर कर्ज मागणारी माणसं पाहिली, म्हणाले, थोडंबहुत कळते. बसा ना.

चंपतराव बसले. काहून असं केलं, हे महादेवराव विचारतील म्हणून त्यांनी रस्ताभर उत्तर जुळवलं होतं. महादेवरावांनी विचारलंच नाही. शेवटी चंपतराव म्हणाले की संध्याकाळी सुशील आला की त्याला सांगून टाकतो. झालं ते झालं.

"नका सांगू," महादेवराव म्हणाले.

"काहून?"

"गाडी काय, दुसरी भेटते. बापाचा शब्द दुसरा कुठून आणन तो?"

इतक्यात त्यांनी फोन उचललाही होता. सुशीलला लावला आणि नेहमीच्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. मी चौकशी केली रे त्या गाडीची, इतवारीतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकजवळ. तोही म्हणाला, त्या मॉडेलचा भरोसा नाही. बरं झालं सोडली. पलीकडून सुशीलचं हसणं चंपतरावांना स्पष्ट ऐकू आलं, आणि त्याचे शब्दही. "मी म्हटलं नव्हतं का, पप्पा?" यादीतली दुसरी गाडी आता पाहून घे, महादेवराव सांगत होते, रविवारी जा, बाबांले चालवायले दे आणि ते म्हणतील तसं कर. नाही, मी नाही येत या वेळी. माझं काय काम तिथं? भाव करायचा असन तर फोन कर.

सहज. एकदाही न अडखळता. परवा एक वाक्य खोटं बोलून चंपतरावांना आज इथवर यावं लागलं होतं, आणि हा माणूस इतकं सगळं बोलताना पायाने चप्पल सरळ करत होता.

फोन ठेवून महादेवराव आत चहा सांगायला गेले. चंपतराव खुर्चीत बसून राहिले. रविवारी पोरगा त्यांना एकट्यांना घेऊन जाणार होता. किल्ली त्यांच्या हातात देणार होता, ते म्हणतील ती गाडी घेणार होता. गेले दोन आठवडे रोज अंथरुणावर पडल्यावर त्यांनी मनातल्या मनात जे जे मागितलं होतं, ते सगळं मिळालं होतं. ते महादेवरावांनी दिलं होतं.

चहा आला. महादेवरावांनी कप स्वतः त्यांच्यापुढे सरकवला आणि पेपरातली कुठलीशी बातमी सांगू लागले. चंपतरावांनी एक घोट घेतला. चहात अर्धा चमचा साखर होती, त्यांना लागते तेवढीच. त्यांनी कधी सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. महादेवराव कसा घेतात, हे मात्र खूप आठवूनही त्यांच्या ध्यानात येईना.