पहिल्या दोन पाण्यात

आमच्या घरातल्या एकाही डब्याला लेबल नाही. दुधाचे, मासळीचे, वाटाण्याचे, पीचच्या फोडींचे, सगळे डबे फळीवर उघडेबोडके बसलेले असतात. सासूबाई बाजारातून आल्या की आधी डबे कोमट पाण्यात बुडवतात, मग चपला काढतात. भिजलेली लेबलं अलगद सोडवून खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवतात, वाळली की कात्रीने कडा कापतात. तीन लेबलं जोडल्याशिवाय कंपन्या बक्षिसाच्या सोडतीचं कूपन घेत नाहीत, आणि कूपन टाकल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नाही.

डबा कानाशी धरून हलवला की आत काय आहे ते त्यांना कळतं म्हणे. मला नाही कळत. माझ्या तान्ह्या लेकीला, रेनाताला, कडेवर घेऊन एका हाताने डबा फोडताना तर मुळीच नाही. परवा मी मासळी समजून डबा उघडला आणि मिरची घातलेल्या बटाट्याच्या लगद्यावर पीचच्या फोडी पडल्या.

विल्बेरने, माझ्या नवऱ्याने, एक घास घेतला आणि आईकडे पाहिलं.

"आई, हे बक्षीस कुठल्या सोडतीत लागलं?"

"गुमान खा. गोड लागतंय ना?"

"गोड लागतंय, तेच तर वाईट आहे."

सासूबाईंचं नाव निकोलासा. इतक्या वर्षांत त्यांना काय काय लागलं म्हणाल, तर टूथपेस्टचं नाव लिहिलेली टोपी, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं (आमच्याकडे कोंबडी नव्हती, ती मग विकत आणावी लागली) आणि एक भलीमोठी छत्री. आमच्या या कोरड्या अरेकिपा शहरात छत्री! इथे वर्षाचे दहा महिने ढग वाट चुकूनसुद्धा येत नाहीत. पण सासूबाई ती छत्री उन्हात उघडून बाजाराला जातात आणि कोणी विचारलं की सांगतात, "जिंकलेली आहे."

सासरे गेले तेव्हा मी या घरात नव्हते. विल्बेर सांगतो, त्या दिवसांत आई खुर्ची भिंतीकडे वळवून बसायची. मग कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या दोन्या तेओदोसियाने (आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात) एक दिवस तिच्या हातात एक कूपन कोंबलं, "भर हे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही" म्हणून. सोडतीच्या दिवशी सासूबाई केस विंचरून चौकात गेल्या. काही लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची दाराकडे वळली होती. हे सांगणारा विल्बेरच, आणि आईला चिडवणाराही तोच.

या जूनमध्ये दूध कंपनीने सोडतीत कपडे धुण्याचं यंत्र ठेवलं. सासूबाईंनी जाहिरात वाचली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

माझे हात बघण्यासारखे राहिले नव्हते. आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी, अंगणातल्या हौदाचं पाणी सुरीसारखं लागतं, आणि रेनाताचे लंगोट काही ऊन पडायची वाट बघत नाहीत. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. तिच्या गालावरून हात फिरवला की ती झोपेतच तोंड वाकडं करून मान फिरवायची. मी हाताची पालथी बाजू वापरायला शिकले होते. ती थोडी मऊ होती.

"हे यंत्र आपल्याकडे येणार," सासूबाई म्हणाल्या.

"येणार, येणार," विल्बेर म्हणाला. तो टायरच्या दुकानातून नुकताच आला होता, कोपरापर्यंत काळा. "अख्खं शहर कूपन टाकणार. सोडतीच्या त्या पिंपात तुझं कूपन म्हणजे तांदळाच्या पोत्यात एक दाणा."

"माझी घडी वेगळी असते."

ती घडी खरोखर वेगळी असते. बाकीचे लोक कूपन चौकोनी दुमडतात. सासूबाई त्याला पंख्यासारख्या बारीक चुण्या घालतात आणि मधोमध वाकवतात. त्यामुळे ते पिंपात सपाट बसत नाही, फुलून राहतं, आणि आत घातलेल्या हाताला आपणहून टोचतं.

"बरं," विल्बेर म्हणाला. "पैज लावू. यंत्र राहू दे बाजूला. त्या पिंपातून तुझं कूपन नुसतं बाहेर जरी आलं ना, तरी रेनाताचे कपडे मी धुईन. ती चड्डीत करायची थांबेपर्यंत. आणि नाही आलं, तर ही लेबलं, ही कात्री, हे डबे भिजवणं, सगळं कायमचं बंद. कबूल?"

मला वाटलं, त्या हसून सोडून देतील. पण त्या काचेवरच्या लेबलांकडे बघत राहिल्या. मी टेबलाखालून विल्बेरला लाथ मारली.

"कबूल," सासूबाई म्हणाल्या.

रात्री मी त्याला म्हटलं, "अरे, हरल्या तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील."

"मी तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. "पण आता मागे कसं घेऊ? ती मला घेऊ देणारच नाही."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मीच सासूबाईंना म्हटलं, "आई, सोडा ना, गंमत होती ती." तर म्हणाल्या, "तू पोरीला बघ. मला चुण्या मोजू दे."

रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी छत्री घरी ठेवली होती. पोटरीपर्यंतचा चांगला घागरा, कानात डूल, आणि चेहरा इतका गंभीर की कोणाचं लग्न आहे की मयत, कळू नये. विल्बेरने रेनाताला खांद्यावर बसवलं होतं. तो चेष्टा करत नव्हता, हेच मला जास्त लागत होतं.

लाल कोटातला निवेदक मंचावर आला. त्याच्या शेजारी कूपनांनी भरलेलं पारदर्शक पिंप, आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेली बादली.

"नियम काय सांगायचा तुम्हाला!" तो ओरडला. "पहिल्या दोन?"

"पाण्यात!" अख्खा चौक ओरडला.

"आणि तिसरी?"

"जिंकते!"

आमच्याकडे सगळीकडे असंच असतं. पहिल्या दोन चिठ्ठ्या काढून फेकायच्या, तिसरी खरी. उगाच लोकांचा श्वास थोडा अडकवायचा. एका पोलीस बाईंना मंचावर बोलावलं. पिंप फिरलं. बाईंनी हात आत घातला आणि लगेच "आई!" करून बाहेर काढला, जणू काही चावलं. हातात चुण्याचुण्यांचा एक कागद होता.

"निकोलासा चोकेवांका!"

मला काही कळायच्या आत विल्बेर हवेत होता. रेनातासकट. "माझी आई! ही माझी आई! ए, सरका, ही बघा, माझी आई!" तो नाचत होता, रेनाता खदखदून हसत होती, ओळख ना पाळख अशा बायका सासूबाईंचे गाल ओढत होत्या.

"अभिनंदन, दोन्या निकोलासा!" निवेदक म्हणाला. "पण ही कितवी?"

चौक जरा हळू आवाजात म्हणाला, "पहिली."

"आणि पहिली कुठे जाते?"

चुण्यांचा पंखा बादलीत पडला. थोडा वेळ तरंगला, मग उलगडत खाली गेला.

विल्बेरने रेनाताला माझ्या हातात दिलं आणि तो मंचाकडे घुसला. "हा कुठला न्याय? इतक्या कागदांतून एक निघाला, आणि तो बुडवता? बुडवायचाच तर काढायचा कशाला?"

"दादा, नियम आहे."

"नियम कोणी केला? त्याला बोलवा!"

सासूबाई मागून गेल्या आणि त्यांनी त्याचा सदरा ओढला.

"विल्बेर. खाली ये."

"आई, अगं हे..."

"निघालं ना?"

"निघालं म्हणून तर भांडतोय! आधी निघालं, सगळ्यांत आधी..." आणि तो एकदम थांबला. तोंड तसंच उघडं.

सासूबाईंनी त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

दुसरी चिठ्ठीही पाण्यात गेली. यंत्र लागलं ते कांद्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका एकट्या म्हाताऱ्याला. "माझ्याकडे दोनच सदरे आहेत," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, "पण घेतो." सगळ्या चौकाने टाळ्या वाजवल्या. विल्बेर सोडून.

घरी येताना त्याने एक प्रयत्न केलाच. "पाण्यात गेलेलं धरत नाहीत, आई. ते निघून न निघाल्यासारखं."

सासूबाई सरळ तेओदोसियाच्या दुकानात शिरल्या. तिला सगळं आधीच कळलेलं होतं. तिला सगळं नेहमीच आधी कळतं.

"निघालं नाही म्हणतोस?" तेओदोसिया म्हणाली. "मग चौकात माकडासारखं उड्या कोण मारत होतं? मिठाची पुडी देऊ का, बाळ? थंड पाण्याने हात फाटले की कोमट पाण्यात मीठ घालून शेकायचे."

"दोन्या तेओदोसिया, तुम्ही पण?"

"मी पण. आणि साबण घेऊन जा. उधार नाही."

सोमवारी टायरच्या दुकानात कामाला जायच्या आधी विल्बेर हौदावर उभा राहिला. बाह्या वर, पँट गुडघ्यापर्यंत. पहिला लंगोट पाण्यात घातला आणि असा ओरडला की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

"हे पाणी आहे की काय आहे? तू रोज यात हात घालत होतीस?" तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी आई यंत्राचं बोलली होती. तू तांदळाचे दाणे सांगत होतास."

सासूबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "पिळ. नुसता दाबू नकोस, पिळ. टायर नाही तो."

मी भिंतीला पाठ टेकून बसले आणि रेनाताला पाजायला घेतलं. एरवी मी तिला अर्धवट ओढून खाली ठेवते, कारण हौदावर ढीग वाट बघत असतो. आज ढीग दुसऱ्याचा होता. ती प्यायली, थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा प्यायली, आणि हळूहळू तोंड सुटून झोपून गेली. तिच्या पापण्या किती लांब आहेत ते मी नीट पाहिलं. कोणी विचारलं की या सोडतींत एवढा जीव घालून काय मिळतं, तर माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं होतं. पण ते बोलून दाखवायला मी उठले नाही.

हौदावरून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग विल्बेर खालच्या आवाजात म्हणाला, "आई, पुढची सोडत कधी आहे?"

"नूडल्सवाल्यांची. महिनाअखेर. का रे?"

"यंत्र आहे त्यात?"

"आहे म्हणतात."

त्याने लंगोट पिळला, यावेळी नीट, आणि दोरीवर टाकला.

"नाही, म्हणजे, ती घडी जरा सैल केली, तर तिसऱ्या नंबरला निघेल का?"

सासूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की मला रेनाताच्या कानावर हात ठेवावा लागला. मग त्या खुर्चीवरून उठल्या. "हात पुस," त्या म्हणाल्या, "आणि कात्री आण."