जिन्याखालचा रांजण

"पोरी, रांजण दारातच राहू देजो. अन् कोणालेही वरून पाणी वाढू नको. ज्याचं त्यानं आपल्या हातानं गडवा बुडवून घ्यावं."

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, हे शब्द रोज पहाटे त्रिसरण-पंचशील म्हणून झालं की मला ऐकू येतात. ते गेले तेव्हापासून माझा नेम आहे. आधी दारातला रांजण भरायचा, मग आपल्या तोंडाला पाणी लावायचं.

मामाजी लकडगंजला लाकूड चिरायच्या आरामशीनवर ओझी वाहायचे. तिथल्याच सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी घराची चौकट केली, छपरीचे खांब उभे केले. छपरावर कवेलू स्वतः चढवले. पण घराच्याही आधी, रिकाम्या जागेत रस्त्याच्या कडेला, त्यांनी हा रांजण आणून ठेवला होता. लहानपणी त्यांच्या गावी त्यांना विहिरीचा पोहरा शिवता येत नव्हता. कोणीतरी वरून धार सोडायचं आणि ते खाली ओंजळ धरून बसायचे. धार सोडणारा मध्येच हात थांबवायचा, गंमत पाहायचा. "पाणी भेटे, पण प्याल्यावानी वाटे नाही," एवढंच मामाजी सांगायचे. पुढे काही नाही.

घर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा मला आनंदच झाला. कवेलू गळत होते. माझा मुलगा सुशील म्हणाला, "आई, हुडकेश्वरला फ्लॅट नाही घ्यायचा. आजोबांचं घर आहे, ते जपायचं." त्याचा मित्र केयूर आर्किटेक्ट आहे. तो जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसला.

"काकू, घराचं कॅरेक्टर मी हलू देणार नाही," तो म्हणाला. "सागाचे खांब पॉलिश करून ठेवू. जुन्या चौकटीत आरसा बसवू. आणि रांजण तर हिरो आहे तुमच्या घराचा! जिन्याखाली ठेवू, आतून लाइट."

"अन् पाणी?" मी विचारलं.

"कशात?"

"रांजणात."

माझी सून श्वेता हसली. वाईट नाही हसली. "आई, सगळ्या रस्त्याचे हात त्यात जातात. आता कोण पितं असं? सगळ्यांजवळ बाटली असते."

"उन्हात चालणाऱ्याजवळ बाटली राहते वं, तिच्यात पाणी नाही राहत."

"भारी डायलॉग मारला काकूंनी," केयूर म्हणाला. "भिंतीवर लिहून टाकू का?"

सगळे हसले. सुशीलनं माझा हात हातात घेतला. "आई, गेटबाहेर नळ लावून देतो. शब्द दिला तुला. मग तर झालं?"

मी हो म्हटलं.

काम सुरू झालं. रांजण मागच्या अंगणात गेला. मी तो तिथंच भरत राहिले. गवंडी, रंगारी येत, गडवा बुडवून पीत. समोर नवीन भिंत उठली, तिच्यात उंच, जाळीचं गेट बसलं. नळाच्या जागी मात्र काळ्या दगडाची पाटी आली, मामाजींच्या नावाची. "नत्थू-स्मृती". पाटीखाली नळ लावला तर तिची शोभा जाते म्हणे.

वैशाखातल्या एका दुपारी मी विहारातून मागच्या दारानं घरात आले. अंगणात रांजण नव्हता. आत जिन्याखाली होता, पोटात पिवळा दिवा लागलेला. वायर बाहेर काढायला त्याच्या बुडाला भोक पाडलं होतं. मी बोट फिरवून पाहिलं. कडांची भुकटी बोटाला लागली. शेजारी खिळ्याला गडवा टांगला होता, लख्ख घासून.

तेवढ्यात गेटकडून आवाज आला. टाइल्स बसवणारा ओमप्रकाश होता, छत्तीसगडचा.

"दीदी, थोडा पानी मिलेगा? पीछे का मटका तो हट गया."

श्वेता फ्रिजमधली बाटली घेऊन लगेच धावली. मनानं चांगली आहे ती. गेटचा रंग ओला होता, उघडायचं नव्हतं. "भैया, हाथ आगे करो," असं म्हणत तिनं पायरीवर चढून गेटवरून बाटली कलती केली.

ओमप्रकाश वाकला. त्यानं ओंजळ तोंडाशी नेली. वरून धार पडू लागली. मध्येच श्वेताचा फोन वाजला. तिनं बाटली सरळ केली आणि बोलू लागली. तो तसाच वाकून, ओंजळ धरून थांबला. जाळीतून तो मला दिसत होता, आणि त्याच्या शेजारीच, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, मामाजींच्या नावाची पाटी होती.

संध्याकाळी सुशील आला. मी त्याला सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, रंग ओला होता. घाईत ग्लास नाही घेतला तिनं. एवढ्या-तेवढ्यावरून तू ते जुनं काहून मधात आणते?"

जुनं. जुनं जपायलाच तर हा सारा घाट घातला होता यांनी!

जिभेवर खूप काही आलं. पण कठोर बोलायचं नाही हे मी रोज सकाळी स्वतःला बजावते, आणि ते मी पाळलं. इतकं जड ते आजवर कधी गेलं नव्हतं.

"अन् नळ?" एवढंच विचारलं.

"बघू नं, आई. पावसाळा होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. मेणबत्ती लावली, वंदना केली. स्वयंपाकघरात फिल्टर होता, फ्रिज होता. मी तोंडाला पाणी लावलं नाही. जिन्याखालचा दिवा रात्रभर तसाच जळत राहिला होता. बटण दाबून तो विझवला. खिळ्यावरचा गडवा काढला आणि चपला पायात सरकवल्या.

श्वेता झोपेतच दारात आली. "आई, इतक्या सकाळी कुठे?"

"कुंभाराकडे."

"गेटला हात नका लावू हं, रंग आहे."

रंग केव्हाच वाळला होता. मी कडी काढली, गेट पूर्ण उघडलं, पाटीखाली किती जागा आहे ते एकदा पाहून घेतलं आणि गेट तसंच उघडं टाकून निघाले.