दाराजवळची रांग

"मावशी, बघा तरी! एवढं खारं पाणी पिऊन कशी टरारून उभी आहेत!" मॅडम दाराजवळच्या रोपांच्या रांगेपुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि लहान पोरीसारख्या हसत होत्या.

मावशींचं काम काय, तर संशोधन केंद्राच्या शेडमधल्या कुंड्यांना ठरलेलं मिठाचं पाणी घालायचं. कोणत्या रांगेतलं वाण तग धरतं ते मॅडमनी बघायचं. बाकीच्या रांगांची पानं टोकाकडून करपत गेली. माती ओलीचिंब, आणि रोप मात्र तहानेनं मान टाकतंय! मिठाचं ते असंच, पाणी असून मुळांना ओढू देत नाही. मावशी दाराजवळ डबा खायला बसायच्या आणि समोर नेमकी ही रांग. आता समोर कोणी तहानेनं तडफडत असताना घास उतरतो का घशाखाली? मग बाटलीतलं उरलेलं गोडं पाणी त्या कुंड्यांत जायचं. पुढे पुढे तर त्या मुद्दाम नळावरून बाटली भरून आणू लागल्या. कुणाचं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं होतं.

"ठरल्याप्रमाणे आजपासून या वाणाचं बी वाटायचं," मॅडम म्हणाल्या. "पहिला मान तुमच्या भावाला. त्यांचीच जमीन सगळ्यात खारवट ना?"

"हो," मावशी म्हणाल्या. भावाचं रान कालव्याच्या शेपटाला. पाणी यायचं ते उशिरा आणि थोडं, ऊन पडलं की मातीवर पांढरा थर. दोन वर्षं तिथे धड काही उगवलं नव्हतं. या बियाच्या भरवशावर त्याने सगळं रान नांगरून ठेवलं होतं. "ताई, तुझ्या हातची रोपं, मग मला कसली भीती!" असं कालच फोनवर म्हणाला होता.

मॅडम जायला वळल्या, तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरला.

"मॅडम, मी यांना चोरून गोडं पाणी घालत होते."

"कधी?"

"रोजच."

ओरडतील, हाकलून देतील, असं मावशींना वाटलं होतं. मॅडमनी नुसता चष्मा काढला आणि डोळे पुसले. "अहो मावशी, आता सगळं पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या आणि बियाचं वाटप थांबवायला ऑफिसात गेल्या. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाटकाशी भाऊ उभाच होता. दाढी-बिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा काही लग्नाला निघालाय. हातात रिकामं पोतं. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही.

"मग दुसरं कुठलं वाण?"

"एकही तगलं नाही रे."

"नांगरून ठेवलंय गं ताई."

"मला शिव्या दे. दे ना!"

"शिव्या देऊन रान गोडं होणार आहे का, वेडे?" तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "पेरल्यावर कळलं असतं तर? बरं झालं सांगितलंस."

त्याने पोतं झटकलं, नीट घडी घालून सायकलच्या कॅरिअरला लावलं. मग सायकलवर न बसता, ती हातात धरून तो चालतच निघाला.