अडसराचा उरलेला तुकडा

मी अडसर बोलतोय. दार आतून बंद करायला आडवं टाकतात ते लाकूड. आता अर्धाच उरलोय, पण सांगायचं ते पुरं सांगेन.

असोद्याच्या शिवारात, पितांबर आबांच्या बांधावर मी बाभूळ होतो. त्यांच्या वडिलांनी मला तोडलं, मोतीलाल सुताराने तासलं आणि चौकटीच्या दोन लोखंडी हुकांत बसवलं. गाठीचं लाकूड. वाळवी लागली नाही. वाकलो नाही.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून विळ्याचं पातं घातलं की मला बाहेरून उचलता येई. हे घरच्यांना ठाऊक होतं आणि शेजारच्या भिकुबाईला. फट बुजवावी असं आबांना कधी वाटलं नाही.

त्यांचा मुलगा कुंदन लहान होता तेव्हा एकदा डब्यावर चढून त्याने मला लावून घेतलं. डबा घरंगळला, मग हात पोचेना. आत तो रडतोय, बाहेर त्याची आई बेबाबाई दार बडवतेय. भिकुबाई विळा घेऊन आली आणि मला वर लोटलं. मी धाडकन फरशीवर पडलो. माझ्या पडण्याने घर हसलं, ते तेवढंच.

पोरगा शिकला, पुण्याला कारखान्यात लागला. मग गेल्या वर्षी गल्लीत चोरी झाली. त्या घरचे लग्नाला गेलेले, चोरांनी कुलूप तोडून दागिने नेले. कुंदन घाबरला. जुनं दार काढून त्याने लोखंडी दार बसवलं. खिडक्यांना जाळ्या, ओट्यावर कॅमेरा आणि दाराला अंगठ्याने उघडणारं कुलूप.

बसवायला जळगावहून एक माणूस आला होता. आबांचा अंगठा केळीच्या चिकाने काळा पडलेला, कामाने घासून गुळगुळीत झालेला. मशीनवर लाल दिवा लागला.

"आबा, हात धुऊन या."

आबांनी साबण लावला, रॉकेल लावलं. दिवा लालच.

"मग आकडे पाठ करा, आबा. सोपे आहेत."

"माह्या घरात शिराले मी आकडे दाबू?" आबा म्हणाले. "राहू दे."

बेबाबाईंचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. त्या हसल्या. "मशीनबी तुम्हाले वयखत नही. आता माह्यासंगं भांडू नका, बाहेरच राहाल."

कुलपाला एक किल्लीही होती. ती कुंदनने पुण्याला नेली. तुमच्याकडून हरवेल, म्हणाला. अडलंच तर फोन करा, मी इथून उघडतो.

मला ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. भिकुबाई म्हणाली, "भाऊ, चुलीत घाला याले." आबा म्हणाले, "राहू दे. खाते का काही?"

आबा शेतातून आले की बेल वाजवत, बेबाबाई दार उघडत. आकड्यांची गरज पडली नाही. चैत्रातल्या त्या दुपारपर्यंत.

केळीचे घड कापून आबा आले. बेल वाजवली. आतून आवाज आला, "आली." मग भांडं पडल्याचा आवाज. मग कण्हणं.

"बेबा, दार उघड."

कण्हणं चालूच. आबांनी अंगठा लावला. लाल. धोतराला पुसून पुन्हा लावला. लाल. कुंदनला फोन लावला, पण कारखान्यात फोन बाहेर ठेवून जावं लागतं. वाजत राहिला.

आवाज ऐकून भिकुबाई धावत आली. हातात विळा. इतक्या वर्षांची सवय. दारापाशी आली आणि थांबली. पातं घालायला फट नव्हती.

"भाऊ, आता कसं?"

आबांनी मला उचललं. ज्या घराचं दार मी राखलं, त्याच्यावर मला घातलं. एक घाव, दुसरा, तिसरा, मग मोजायचं कुणाला सुचणार. आतलं कण्हणं थांबलं, तरी आबा थांबले नाहीत. कुलूप वाकलं तेव्हा मीही मधोमध मोडलो.

बेबाबाई दारापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. अंग कोमट होतं. जळगावला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

कॅमेऱ्याने सगळं पाहिलं. पाहण्यापलीकडे त्याला काही येत नाही. कुंदन आला आणि फोनवर तेच परत परत पाहत बसला. बाप दार फोडतोय, भिकुबाई विळा धरून उभी आहे.

"बंद कर ते," आबा म्हणाले.

दोष त्यांनी पोराला दिला नाही. भिकुबाईला मात्र एकदा म्हणाले, "आकडे पाठ केले असते तं."

माझा एक तुकडा आबांनी बेबाबाईंच्या चितेवर ठेवला. दुसरा घरी आणला. पुण्याला परतण्याआधी कुंदनने कुलूप दुरुस्त करून घेतलं. तो गेला त्या दिवशी आबांनी दार सताड उघडलं आणि मला त्याच्या खाली दाबून बसवलं. दार हलू नये म्हणून.

जन्मभर मी दार बंद ठेवलं. आता उघडं धरून आहे. आबा आत खाटेवर पडून असतात. भिकुबाई भाकरी ठेवून जाते, हाक मारायलाही थांबत नाही, सरळ आत शिरते.

कुंदन, पुढच्या वेळी येशील तेव्हा चोरांच्या भीतीने मला पायाने बाजूला सारू नकोस. आत एक माणूस आहे.