चिंचेनं घासलेलं तांबं

कृष्णाबाईचा हेतू चांगलाच होता हो! मुंबईहून मोठे सर लेकीचं काम तपासायला येणार, आणि ही पोरगी त्यांच्यापुढे तांब्याचा काळाठिक्कर तुकडा ठेवणार? पाहुण्यापुढे काळं तांबं ठेवतं का कुणी? बाईंनी डब्यातला तो तुकडा काढला आणि देवाच्या ताम्हणाबरोबर चिंच-मीठ लावून असा घासला, की त्यात तोंड दिसावं.

सकाळी मृणालीने डबा उघडला.

"आये, काय केलंस गो हे!"

तो काळा थर तिने मुद्दाम चढवलेला होता. अलिबागच्या कॉलेजात ती उकळत्या पाण्यावर संशोधन करत होती. तापल्या धातूवर बुडबुडे धरतात आणि सुटताना उष्णता घेऊन जातात. पण आच फार वाढली, की बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेची चादरच पसरते. मग पाणी धातूला शिवत नाही आणि धातू जळतो. मृणालीचा काळा तुकडा ती चादर धरेपर्यंत पुस्तकात लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त आच सोसायचा. त्या आकड्यावरच तिची पीएचडी उभी होती. कॉलेजात कुणी हात लावू नये म्हणून ती तुकडा घरी आणायची, आणि घरातच घात झाला!

"मी येते. सरांना सांगते, माजी चूक हाय," म्हणत कृष्णाबाई तिच्यामागे स्कूटीवर बसली.

पण प्रयोगशाळेत बाईंना तोंड उघडायची वेळच आली नाही. "सर, तुकडा मी घरी नेला होता, तिथे तो घासला गेला. माझी चूक," मृणालीने सांगून टाकलं.

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खरं सांगू? तुमचा आकडा मला आधीपासूनच पटला नव्हता. तुमचं यंत्रच जास्त दाखवतंय असं वाटतं मला."

"मग आत्ताच बघू या. पुस्तकातला आकडा साध्या, लख्ख तांब्याचाच आहे. हा लख्ख तुकडा लावते. यंत्र बरोबर असेल तर पुस्तकातल्या आकड्यालाच वाफ पसरेल. आकडा त्याच्याही वर गेला, तर माझं सगळं काम चुकलं. तसं मीच लिहून देईन."

अगं बये! गप्प बसली असती, पुढची तारीख मागितली असती, कोण विचारणार होतं? पण पोरीने बटण दाबलंसुद्धा.

काचेच्या भांड्यात पाणी खदखदायला लागलं. आकडा चढत चालला. आजवर पोर परीक्षेला बसली, की कृष्णाबाई पालीच्या गणपतीला आकडा वर जाऊ दे म्हणून साकडं घालायची. आज पहिल्यांदाच ती म्हणत होती, "थांबव रे बाबा, आता तरी थांबव!"

आणि खदखद एकदम बदलली. तांब्यावर वाफेची चकचकीत चादर पसरली. सरांना कळायच्या आत मृणालीने वीज तोडली; तुकडा वाचला.

सरांनी आकडा दोनदा वाचला. पुस्तकातलाच होता.

"यंत्र बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे काळ्या तुकड्याचा आकडाही मानायला हवा. थर पुन्हा चढवा, माझ्यासमोर मोजा. तोच आला तर सही माझी. आणि मृणाली, आत्ता केलंत ते मला तुमच्या वयात जमलं नसतं."

सर बाहेर गेले तशी कृष्णाबाई लेकीजवळ आली. "पोरी, तुला भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं ना. हे बघ."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. गार पडला होता, लटलट कापत होता. बटणावर होता तेव्हा मात्र जरासुद्धा हलला नव्हता.