बॉनेटवरचा शेंदूर

मी एक जुनी पिकअप बोलतेय. हळूच बोलते, कारण धाप लागते. रंग नवाकोरा दिसतोय, त्यावर जाऊ नका; आतून मी पार थकलेय.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. रंग राखी, दिवे गोल, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. तिथून ग्वाल्हेरला आले ती थेट सूर्याजीरावांच्या दारात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेले. सूर्याजीरावांच्या वाट्याला मात्र ना घोडा आला, ना तलवार. आले ती मी. स्टेशनजवळच्या पडाव भागातून माल उचलायचा आणि नया बाजार, नई सडकच्या दुकानांत पोचवायचा, हा आमचा धंदा. कापडाचे गठ्ठे, तुपाचे डबे, लग्नाच्या खुर्च्या, सगळं वाहिलं. "अजून थोडं बसेल" असं माणसांना नेहमीच वाटतं. गाडीला कुणी विचारत नाही.

दसरा तेवढा माझा असायचा. घरात पूजेला शस्त्र नव्हतं, म्हणून सूर्याजीरावांच्या पत्नी शालिनीताई माझीच पूजा करायच्या. तुपात शेंदूर कालवून बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढायच्या. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरूनच नवं काढायचं, ही त्यांची रीत. थरावर थर चढून तिथे चांगला उंचवटा झाला होता.

"अगं, लोक हसतात, गाडीला टेंगूळ आलंय म्हणतात," सूर्याजीराव एकदा म्हणाले.

"हसू देत. शस्त्राला लावलेला शेंदूर पुसत नसतात!"

पुढे नवे टेंपो आले. माझं इंजिन बसलं आणि मी अंगणात पत्र्याखाली उभी राहिले. मांजरीने माझ्या सीटवर पिल्लं घातली. शालिनीताई गेल्या. काचबिंदूने सूर्याजीरावांची दृष्टीही गेली. तरी रोज सकाळी ते काठी टेकत यायचे आणि त्या स्वस्तिकाच्या रेघांवरून सावकाश बोट फिरवायचे. बायकोचं बोट जिथून गेलं होतं, तिथूनच.

नातू अंशुल हे लांबून बघायचा; आजीची दसऱ्याची पूजा त्याला आठवत नव्हती. त्याला वाटलं, आबांचा जीव गाडीत अडकलाय. पोरगा मायेचा आहे, त्याला दोष कसा देऊ? आबांच्या वाढदिवसाला गाडी चालू करून द्यायची असं ठरवून तो मला पडावातल्या एका गॅरेजात घेऊन गेला.

तिथे माझा सांधा न् सांधा सुटा केला. रंगवणाऱ्याने घासायचं यंत्र हातात घेऊन विचारलं, "भैया, ये सिंदूर रहने दें क्या?"

"नहीं नहीं, सब निकाल दो. एकदम नई जैसी चाहिए, आबा खूश हो जाएँगे."

मला ओरडावंसं वाटलं. पण हॉर्नची तार तेव्हा तुटलेली होती.

वाढदिवसाला मी स्वतःच्या चाकांवर घरी आले. इंजिनचा आवाज ऐकून सूर्याजीरावांचा चेहरा उजळला. "तीच! आपलीच!" म्हणत ते लगबगीने पुढे झाले. बोट नेहमीच्या जागी गेलं. मग थोडं वर, थोडं खाली, बाजूला. सगळीकडे गुळगुळीत.

"अंशुल, इथलं तुझ्या आजीचं कुठाय रे?"

"वो सिंदूर?" अंशुल बॉनेटकडे बघत म्हणाला. "आबा, मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, असंच जमलंय काहीतरी."

सूर्याजीरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "छान केलीस हो गाडी," म्हणाले आणि काठी चाचपत आत गेले. त्यानंतर ते माझ्याकडे आलेले नाहीत. मला फार वाईट वाटतं. एवढं नवं होऊन मी करू काय?

आता दसरा तोंडावर आलाय. अंशुलने शेंदूर आणून ठेवलाय. काल वाटीत बोट बुडवून बराच वेळ माझ्यासमोर उभा होता. मग तसाच परत गेला.

बाळा, तू काढू नकोस. आबांना घेऊन ये आणि त्यांचं बोट शेंदरात बुडव. त्या बोटाला तिची रेघ न् रेघ पाठ आहे. नवा रंग खराब झाला तर होऊ दे. फक्त लवकर आण, आम्ही दोघंही आता थकलोय.