रिकामं चाललेलं मशीन

त्या सकाळीही टेलरमास्तरांनी कापड न लावताच मशीन चालवायला सुरुवात केली. आतल्या खोलीत वडिलांचं वाफेच्या औषधाचं यंत्र घरघरत होतं आणि तो आवाज दाराबाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

वडील सुतार. चाळीस वर्षं भुसा नाकातोंडात जाऊन फुफ्फुसं पार कामातून गेलेली. खोकला जुनाच, पण साथ आली आणि शेजारीपाजारी त्या खोकल्याला कान देऊ लागले. समोरच्या खोकणाऱ्या बाईच्या दारात लोकांनी पाय ठेवणं बंद केलं, तेव्हा मास्तर धास्तावले. मास्क शिवण्याचं काम हातचं गेलं तर खायचं काय? त्यांनी सांगून टाकलं, "बाबा ताईकडे गेलेत." लोकांना पटलं. म्हातारा बिचारा उशीत तोंड खुपसून खोकायला शिकला.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या मावशी मास्क न्यायला आल्या आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या.

"तुमचं आपलं बरंय मास्तर. घरात आजारी माणूस नाही, डोक्याला घोर नाही."

"हो ना," मास्तर म्हणाले.

गप्पा अर्धा तास रंगल्या. मशीन बंद. आत वडिलांची छाती भरून आली. नळी हातातच होती, पण बाहेर मशीन चालू झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं लेकानं बजावलं होतं. त्यांनी ते पाळलं.

सूनबाई चहा घेऊन आत गेली ती तशीच बाहेर आली. "अहो, बाबांचे ओठ निळे पडलेत."

मास्तरांनी आधी मावशींकडे बघितलं. क्षणभरच, पण बापाआधी तिकडे बघितलं खरं.

मग त्यांनी वडिलांना उचललं. जिन्यात दारं किलकिली झाली. तेवढ्यात म्हातारा धापा टाकत म्हणाला, "आजच... आलो... लेकीकडून."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "नाही," पायऱ्या उतरता उतरता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा इथेच होते. दीड महिना. मी लपवलं त्यांना."

आता लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांना वाटलं. घालायलाच हवं होतं.

मागून उतरणाऱ्या मावशी समजुतीनं म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका मास्तर. आम्हीही हेच केलं असतं."

दारादारांतून माना डोलल्या. मास्तरांना मात्र मान वर करवेना.